कुठल्या पातीचा कागद?

देवास हे गाव एकेकाळी दोन राज्यांची राजधानी होतं. एकाच वेळी, एकाच टेकडीच्या पायथ्याशी. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी इथे बस्तान बसवलं. पुढे वाटणी झाली ती अशी, की गावं, उत्पन्न आणि गावातून जाणारा रस्ताही दोन घरांत विभागला गेला. थोरली पाती एका अंगाला, धाकटी पाती दुसऱ्या. दोन दरबार, दोन खजिने, दोन कचेऱ्या. १८१८ साली इंग्रजांशी तह केला तो दोघांनी मिळून, आणि १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने इथे राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरने या जुळ्या कारभारावर पुढे पुस्तक लिहिलं. त्याला त्यात गंमत दिसली. इथल्या कारकुनाला ती तेवढी दिसत नसणार. हातात पडलेला हुकूम वाचण्याआधी त्याला एक गोष्ट पाहावीच लागत असणार: हा कुठल्या पातीचा? पाती चुकली की मजकूर कितीही रास्त असो, आपल्या कचेरीपुरता तो रद्दीचा कागद.

आज देवासच्या औद्योगिक वसाहतीतला लेखाविभाग, धारची तहसील, पीथमपूरच्या कारखान्याचं गेट, मंडीतली आडत, सगळीकडे दिवसभर हुकूम, भाव, बिलं आणि बातम्या येत राहतात, पण त्यांवर पाती लिहिलेली नसते. सगळं एकाच काचेवर, एकाच वळणाच्या अक्षरांत येतं. मुख्यालयाची मेल, पुरवठादाराचा बदललेला खातेक्रमांक, मामेभावाने पुढे ढकललेला व्हिडिओ आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश यांत डोळ्याला फरक दिसत नाही. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना, त्याचा विषय तो फरक ओळखणं हा आहे. त्याआधी माझं एक म्हणणं मांडतो. मजकूर खरा वाटतो का, हा प्रश्न कामाच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तो कुणाचा, कुठल्या वाटेने आला, आणि उद्या प्रकरण अंगावर आलं तर "हो, हे माझं" म्हणायला कोण उभं राहील, हे आधी विचारायचं.

जुन्या मराठी दफ्तरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब उठे. खालच्या ठशाचं कारण साधं होतं: त्याच्याखाली कुणी मागाहून चार ओळी घुसडू नयेत. बनावट शिक्के तेव्हाही निघत होते, त्यामुळे जुना काळ सच्चा आणि आजचा लबाड असं मानायचं कारण नाही. पण बनावट कागद करायला तेव्हा कारागीर लागे, धोका पत्करावा लागे, वेळ जाई. आता ते काम जेवणाच्या सुट्टीत होतं.

देवासकरांचं या विषयाशी एक खास नातं आहे. सत्तरच्या दशकात इथे बँक नोट प्रेस आली. नोटांसाठी लागणारी सुरक्षा शाईही इथेच तयार होते. कागदावर विश्वास छापणं हा या गावातल्या कित्येक घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे. तरीही जुलै २०२३ मध्ये, क्रमांकाच्या ओळीत चांदणीची खूण असलेली पाचशेची नोट खोटी आहे, असा निरोप देशभर फिरला. २७ जुलैला रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. खरी हकीकत अशी. शंभर नोटांच्या एका गड्डीत क्रमांक ओळीने असतात. छपाईत एखादी नोट बिघडली तर ती काढून तिच्या जागी दुसरी घालावी लागते. बदली घातलेल्या त्या नोटेवर क्रमांक आणि त्याआधीची अक्षरं यांच्यामध्ये चांदणी असते. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ही पद्धत २००६ पासून होती, पाचशेच्या नोटेला ती डिसेंबर २०१६ मध्ये लागू झाली. म्हणजे ती चांदणी तपासणी झाल्याची खूण होती, आणि निरोपाने तिलाच खोटेपणाची खूण ठरवून टाकलं.

या निरोपाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात एक खरी गोष्ट होती, चांदणी. ती प्रत्येकाला आपल्या खिशातल्या नोटेवर पडताळून पाहता येत होती. नोट काढली, चांदणी दिसली, निरोप खरा! माणसाला वाटतं आपण शहानिशा केली. प्रत्यक्षात पडताळली ती चांदणी. ती खोटेपणाची खूण आहे हा दावा मात्र न पडताळता आत शिरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची बातमी काही वाहिन्यांनीही दाखवली होती, पण ती बापडी निखळ थाप होती, पडताळायला हाताशी काहीच नव्हतं. चांदणीवाला निरोप त्याहून हुशार. कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला जास्त धोका या दुसऱ्या जातीचा असतो.

मंडीतही हीच जात आढळते. सोयाबीन म्हणजे माळव्याचा श्वास. सकाळी फोनवर भाव येतो: देवास मंडी, सोयाबीन, इतके रुपये. आकडा बहुधा खराच असतो. पण मंडीच्या रोजच्या हिशोबात किमान भाव, कमाल भाव आणि ज्या भावाने सर्वाधिक माल गेला तो भाव, असे तीन आकडे असतात, आणि फिरतो तो कमाल. तो बियाण्याच्या प्रतीच्या एखाद्या ढिगाला मिळालेला असू शकतो. ओल धरलेल्या मालाची ट्रॉली घेऊन निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्यात डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केल्यापासून सगळ्यांना एकसारखा दिसणारा तो एक भावही नाहीसा झाला, आणि सोया प्लांटच्या भावांचे निरोप हाच अनेकांचा आधार झाला. आडतीवरचा जुना मुनीम अशा वेळी तीनच गोष्टी विचारतो: कालचा की आजचा, कुठल्या मालाचा, आणि हा भाव देणारा माल उचलतोय का? या विषयावर मी वाचलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांत यापेक्षा फार वेगळं काही सांगितलेलं नाही.

आता सरकारी कागदाकडे येतो, कारण आपल्या लोकांचा सर्वाधिक विश्वास त्यावर आणि सर्वाधिक घोळही तिथेच. महाराष्ट्र शासनाचा निर्णय घ्या. शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो आणि तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर ठेवला असल्याचा उल्लेख असतो. संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. बनावट निर्णय करणारा बहुतेकदा जुन्या खऱ्या निर्णयावर नवा मजकूर बसवतो आणि तारीख बदलताना हे आकडे तसेच ठेवतो. वडाची साल पिंपळाला लावली की कुठेतरी जोड दिसतोच. ते आठ आकडे बघायला अर्धं मिनिट पुरतं. संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत उघडायला आणखी दोन मिनिटं. पावसाळ्यात शाळांच्या सुट्टीचे बनावट आदेश फिरतात तेव्हा एवढ्यानेच निम्मे मुख्याध्यापक वाचतील.

पण मूळ प्रतीचं आपल्या कचेऱ्यांत काय होतं? अधिकारी डिजिटल स्वाक्षरीने आदेश काढतो. ती स्वाक्षरी त्या फाइलच्या पोटात असते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती मोडते आणि संगणक तसं सांगतो. आपण ती फाइल छापतो. छापली की स्वाक्षरीचं नुसतं चित्र उरतं. त्यावर गोल शिक्का मारतो, सही करतो, पुन्हा स्कॅन करतो आणि तो वाकडा स्कॅन गटावर टाकतो. तिथून कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो. पुरावा घेऊन निघालेला कागद चार टेबलं ओलांडून नुसती अफवा होऊन पोहोचतो, आणि मधल्या कुणीही काही लबाडी केलेली नसते. शिक्का मारल्यावर कागद पक्का होतो ही आपली जुनी समजूत. इथे ती उलटी पडते. स्क्रीनशॉट हा पुरावा मानायचाच नाही, एवढा एक नियम एखाद्या कार्यालयाने केला तरी बरंच साधेल. दुकानदारांनी तो केव्हाच केला आहे. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते बघतही नाहीत, कान गल्ल्याजवळच्या बोलक्या डब्याकडे लावतात. अर्थात वाट आपलीच आहे ना, हेही बघावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातच खजुराहोला दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर रातोरात दुसरेच कोड चिकटवले गेले होते.

मूळ जपण्याचं महत्त्व न्यायालयाने सांगितलं ते जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले का, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्याच कार्यालयातलं चित्रण पुराव्यात मागितलं, पण ते आमच्याच यंत्रावरचं आहे असं प्रमाणपत्र द्यायला कार्यालय राजी होईना. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल तर असं प्रमाणपत्र लागेलच, हे स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या प्रमाणपत्राबरोबर फाइलचं हॅश मूल्यही द्यायचं आहे. फाइलवर गणित करून काढलेला हा आकडा असतो, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. "माझ्या मोबाइलमध्ये आहे ना" हे उत्तर आता पुरणार नाही.

इथवरचं सगळं तंत्र आहे आणि तंत्र शिकता येतं. खरी अडचण आपल्या रीतीभातींत आहे, आणि पुस्तकाचा तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आले, काही खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. कंपनीचे एक कोटीहून अधिक रुपये गेले. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयात त्याच्या पुढची पायरी गाठली गेली. कर्मचाऱ्याला आधी मेलचा संशय आला होता. मग त्याला व्हिडिओ बैठकीत बोलावलं. तिथे लंडनचे वित्तप्रमुख आणि इतर सहकारी दिसले, बोलले, आणि त्याने पंधरा व्यवहारांत सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पडद्यावरचे ओळखीचे चेहरे आणि आवाज सगळे बनवलेले होते.

आपल्याला यात नवल वाटू नये. पानिपतात धारचे यशवंतराव पवार पडले, सदाशिवरावभाऊही गेले, आणि मग काही वर्षांनी भाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत किती जाणत्या माणसांनी त्याला मानलं! चेहरा ओळखणं ही खात्री नसते, विशेषतः तो चेहरा दिसावा अशी आपलीच इच्छा असते तेव्हा, किंवा त्या चेहऱ्यापुढे मान वर करायची सवय नसते तेव्हा.

मेख तिथेच आहे. साहेबांचा निरोप आला, तर "साहेब, हे आपणच पाठवलंय ना?" असं उलट विचारायचं कसं? साहेब रागावतील. बैठकीत असतील. माझ्यावर विश्वास नाही का, म्हणतील. ठग या संकोचावरच जगतो. निरोपात ठरलेले तीन शब्द येतात: तातडीचं, गुप्त, फोन करू नका. चांगला संस्कारी कर्मचारी त्यात आधी फसतो, उद्धट माणूस वाचतो. म्हणून उपाय कर्मचाऱ्याच्या हुशारीवर सोडून चालत नाही, तो वरून यावा लागतो. मोठ्या रकमेचा किंवा खातं बदलण्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावून विचारायचं, निरोपातल्या नंबरवर नव्हे, आणि असं विचारणाऱ्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत, हे साहेबांनीच चारचौघांत सांगितलं पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये देवासच्या नोट प्रेसमध्ये नाकारलेल्या नोटा बुटांत लपवून नेणारा अधिकारी पकडला गेला, तो नोटा तपासण्याच्या विभागातलाच होता. त्याला पकडलं सीआयएसएफच्या जवानांनी. पद मोठं असलं तरी झडती घ्यायचा अधिकार पहाऱ्यावरच्या माणसाला असावाच लागतो. लेखाविभागातल्या पोरीला हा अधिकार कुणी दिला आहे?

अविश्वास दाखवणं अवघड, तसा फुकाचा विश्वासही जीव घेतो. धार जिल्ह्यात मनावरजवळच्या बोरलाईत ५ फेब्रुवारी २०२० रोजी इंदूर-उज्जैनकडचे काही शेतकरी मजुरांना दिलेली उचल परत मागायला आले होते. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा उठली, जमावाने त्यांना मारलं, एक जण मेला. मुळात तो मजुरी आणि उचलीचा वाद होता, म्हणजे कामाच्या जागेचाच.

आणि मग पीथमपूर. ३ डिसेंबर २०२४ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला विषारी कचरा चार आठवड्यांत हलवायला सांगितला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांतून निघाला आणि सुमारे अडीचशे किलोमीटर कापून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचला. ३ तारखेला गाव बंद. दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. कचरा जाळण्याच्या प्रकल्पावर दगड पडले. ६ तारखेला सरकारने न्यायालयात सांगितलं की खोट्या माहितीमुळे लोक बिथरले. न्यायालयाने माध्यमांना चुकीची माहिती न देण्याची ताकीद दिली आणि सरकारला मुदत वाढवून दिली.

अफवा होत्या यात शंका नाही. पण अफवेवर सगळं ढकलणं मला पटत नाही. १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री भोपाळच्या वस्त्यांना, पसरतोय तो वायू कोणता, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच कारखान्याचा कचरा शेजारी येतोय म्हटल्यावर प्रकल्पाजवळच्या तारपुरा गावातल्या माणसाने "सगळं सुरक्षित आहे" या तीन शब्दांवर का म्हणून भरवसा ठेवावा? तो अधिकृत निरोप होता, पण त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं. नंतर चित्र बदललं. २७ फेब्रुवारीपासून दहा-दहा टन कचरा तीन टप्प्यांत जाळून पाहिला, ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगांनी. निष्कर्ष न्यायालयापुढे गेले, उरलेला कचरा मे-जूनमध्ये जाळून जूनअखेर काम संपवलं. या आकड्यांशी कुणी भांडू शकतो, राखेचं काय असं विचारू शकतो, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. ज्याच्याशी भांडता येतं अशी माहिती आधी आणि कंटेनर मागून, असा क्रम ठेवायला हवा होता. कारखान्याच्या पाळीवर असलेल्या कामगारालाही हेच लागू आहे. सूचनाफलक गुळमुळीत असला की तो मोबाइलकडे वळतो, आणि त्यात दोष फक्त त्याचा नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक प्रकरण आहे. ते काही वर्षांत शिळं होईल, हे लेखकालाही ठाऊक असावं. तरी त्यातली एक गोष्ट टिकेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे कधी दिलेच गेले नव्हते. यंत्राने सांगितलेलं जसंच्या तसं वापरू नका, आधी ताडून पाहा, असं न्यायालयाने बजावलं. गंमत अशी की ज्या निवाड्यांना जन्मच नाही त्यांनाही नाव असतं, साल असतं, पक्षकार असतात. फक्त ते काढून दाखवा म्हटलं की दाखवता येत नाहीत.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. ज्यांच्या सहीने पैसे बाहेर जातात त्यांनी खाती बदलण्याच्या निरोपांचा भाग आधी वाचावा, आणि वाचून झाल्यावर आपल्या बँकेचा, पुरवठादारांचा आणि साहेबांचा खरा नंबर कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा क्रमांकही तिथेच लिहावा. पहिल्या तासात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार यांत पैसे परत मिळण्याच्या दृष्टीने फार अंतर पडतं. शाळा-तहसिलीतल्या मंडळींना आदेश तपासण्याचा भाग पुरेल. आणि ज्यांना लोक साहेब म्हणतात, त्यांनी उलट विचारणाऱ्या कर्मचाऱ्याविषयीची पानं वाचून, निदान एकदा, आपल्याच नावाचा एक खोटा निरोप हाताखालच्यांना पाठवून बघावा: कोण फोन करून विचारतं ते.